सौरज्वालांची चाहूल

ग्रहण कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी लागेल, हे पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते आणि ते त्याच वेळी लागते. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटक, आंध्र व ओरिसातून गेलेल्या खग्रास सूर्यग्रहणाची वेळ आणि सावलीचा मार्ग कितीतरी वर्षे आधी ठाऊक होता. परंतु ज्या सूर्याच्या ग्रहणाचे गणित इतके चोख जमते, त्याच सूर्यावर उद्या दुपारी मोठी ज्वाला भडकेल काय, या साध्या प्रश्नाला जगातील नामांकित वेधशाळाही ‘शक्यता इतके टक्के’ यापलीकडे उत्तर देत नाहीत.

ही विज्ञानाची नामुष्की आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. ग्रहणाचा प्रश्न गतीचा आहे. चंद्र, पृथ्वी आणि सूर्य यांच्या कक्षा ठाऊक असल्या की उरते ती आकडेमोड. ज्वालेचा प्रश्न मात्र स्थैर्याचा आहे. चुलीवरचे दूध उतू जाणार हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. ते नेमके कोणत्या क्षणी वर येईल हे सांगणे वेगळे. साय किती धरली आहे, आच किती आहे, भांड्याच्या कडा किती तापल्या आहेत, या सर्वांवर तो क्षण अवलंबून असतो. सूर्याच्या वातावरणातही असेच आहे. तेथे शक्ती साठत असते हे दिसते; ती कोणत्या क्षणी तोल सोडून बाहेर पडेल, हे कळणे कठीण. गेल्या काही वर्षांत या तोल सुटण्याच्या आधीच्या हालचाली टिपण्यात शास्त्रज्ञांना थोडेफार यश येऊ लागले आहे. त्या यशाची किंमत काय आणि मर्यादा काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कुलाब्याने नोंदविलेले वादळ

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन हे इंग्रज खगोलनिरीक्षक सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता त्यांना डागांच्या समूहावर दोन लखलखीत ठिपके दिसले. पाचेक मिनिटांत ते मावळले. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तेच स्वतंत्रपणे पाहिले. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले. तारायंत्रांच्या कचेऱ्यांत ठिणग्या उडाल्या. अमेरिकेत काही ठिकाणी विद्युत्घट काढून टाकल्यावरही तारेत आपोआप आलेल्या प्रवाहावर संदेश जात राहिले.

या वादळाच्या इतिहासात मुंबईला मानाचे स्थान आहे. कुलाबा वेधशाळेतील निरीक्षक डोळ्यांनी उपकरण वाचून चुंबकीय क्षेत्राचे आकडे वहीत उतरवीत होते. २ सप्टेंबरला त्यांनी क्षितिजसमांतर क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदविली. म्हणजे पृथ्वीच्या त्या ठिकाणच्या क्षेत्राचा साधारण पंचविसावा भाग काही काळ नाहीसा झाला. ध्रुवांपासून इतक्या दूर असलेल्या ठिकाणी घेतलेली ही नोंद दीडशे वर्षांनंतर, २००३ साली, शास्त्रज्ञांनी नव्याने अभ्यासली आणि त्या वादळाची तीव्रता ठरविण्यास तिचाच मोठा आधार मिळाला. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून मोजमापात व्यत्यय नको, यासाठी ही चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलविण्यात आली व १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. ट्रामगाड्या गेल्या, नोंदी चालू आहेत.

१८५९ साली बिघडण्याजोगे होते ते केवळ तारायंत्र. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्विबेक प्रांताची वीजव्यवस्था अशाच वादळाने सुमारे दीड मिनिटात कोलमडली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. ऑगस्ट १९७२ मध्ये उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ पेरलेले चुंबकीय सुरुंग कोणतेही जहाज जवळ नसता मोठ्या संख्येने फुटले, तेही सौरवादळाने. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अपोलो १६ आणि डिसेंबरमध्ये अपोलो १७ चंद्रावर गेले. या दोन मोहिमांच्या मध्ये ते वादळ आले, हे अंतराळवीरांचे नशीब. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौम्य म्हणावे अशा वादळाने वरचे वातावरण फुगले व एका अमेरिकन कंपनीच्या नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास उपग्रह परत खाली ओढले जाऊन नष्ट झाले.

सर्वांत भयसूचक प्रसंग २३ मे १९६७ चा आहे. त्या दिवशी सौरज्वालेच्या रेडिओलहरींनी अमेरिकेच्या उत्तरेकडील क्षेपणास्त्रसूचक रडारांना आंधळे केले. शीतयुद्धाच्या त्या काळात रडार जाम होणे म्हणजे हल्ल्याची पूर्वतयारी, असाच अर्थ लावला जाणे स्वाभाविक होते. अमेरिकन वायुदलातील सूर्यनिरीक्षकांनी वेळीच सांगितले की हा उपद्व्याप रशियाचा नसून सूर्याचा आहे. सूर्याचे ज्ञान ही केवळ पंडितांची हौस नव्हे, हे सिद्ध करण्यास याहून मोठा दाखला शोधण्याची गरज नाही.

पिळलेल्या दोराची शक्ती

सूर्याचा जो पिवळा गोल आपणांस दिसतो त्याचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस असते. त्याच्यावर पसरलेले विरळ प्रभामंडल मात्र दहा ते वीस लाख अंश तापलेले असते. पूर्वी ते केवळ खग्रास ग्रहणातच पाहता येई. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी पुण्याच्या कावसजी नायगमवाला यांनी जेऊर येथे तंबू ठोकून त्याचे वेध घेतले होते. आज यानांतील उपकरणे कृत्रिम ग्रहण घडवून ते रात्रंदिवस पाहू शकतात.

हे प्रभामंडल नुसता तप्त वायू नाही. अतिउष्णतेने अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे झाल्यामुळे तो वायू विजेचा उत्तम वाहक झालेला असतो आणि चुंबकीय बलरेषांशी जखडला जातो. सौरडागांत चुंबकीय क्षेत्र असते हे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ साली दाखविले. डागांतील क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट तीव्र असते. डागांमधून निघालेल्या बलरेषा कमानीसारख्या वर येऊन पुन्हा पृष्ठभागात शिरतात. या कमानींचे पाय ज्या पृष्ठभागात रोवलेले असतात तो स्थिर नसतो; तो सतत घुसळत, सरकत, फिरत असतो. त्यामुळे कमानींना पीळ पडतो. सुंभाला पीळ देत गेले की त्यात ताण साठतो, तशी या पिळात शक्ती साठते. मोठ्या ज्वालेतून बाहेर पडणारी शक्ती इतकी असते की भारताचा आजचा वीजवापर तिच्यावर दहा लाख वर्षांहून अधिक काळ भागावा.

पीळ पडला म्हणून लगेच ज्वाला भडकत नाही, हा या विषयाचा गाभा आहे. पिळलेल्या दोराला काही मर्यादेपर्यंत समतोल राखता येतो. येथे अस्थैर्याचे निरनिराळे प्रकार संभवतात. पीळ साधारण सव्वा वेढ्यापलीकडे गेला की दोराला एकाएकी गाठ पडावी तशी ती चुंबकीय दोरी वाकते. हे पिळाचे अस्थैर्य. दुसऱ्या प्रकारात कमानीसारखी वाकलेली दोरी मुळातच बाहेर फुगू पाहत असते आणि तिच्यावरील बलरेषांचे जाळे तिला दाबून धरते. उंचीबरोबर हे जाळे फार झपाट्याने विरळ होत असेल, तर एका उंचीनंतर दोरी आवरत नाही. तिसरा प्रकार बलरेषा फाटण्याचा आहे. विरुद्ध दिशांच्या बलरेषा एकमेकींवर दाबल्या गेल्या की त्यांच्यामध्ये विद्युत्प्रवाहाचा पातळ पडदा तयार होतो. तो ठिकठिकाणी फाटतो, रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली शक्ती उष्णता, क्ष-किरण व वेगवान कणांच्या रूपाने मोकळी होते.

या पुनर्जोडणीच्या सिद्धान्तालाही बराच काळ एक अडचण होती. स्वीट आणि पार्कर यांनी १९५० नंतरच्या दशकात मांडलेल्या गणितानुसार जे काम व्हायला महिनोन्‌महिने लागावेत, ते सूर्य काही मिनिटांत उरकतो. पेचेक यांनी १९६४ साली जलद पुनर्जोडणीचा एक मार्ग सुचविला. पुढे असे दिसून आले की प्रवाहाचा पडदा पुरेसा पातळ झाला की तो सलग राहूच शकत नाही. त्याचे तुकडे पडतात आणि पुनर्जोडणीचा वेग कितीतरी पट वाढतो. अर्थात अस्थैर्य हे ज्वालेचे निमित्त असते, तसेच तिच्या वेगाचेही तेच कारण असते.

समतोलाचे हे गणित वरच्या जाळ्यावर किती अवलंबून असते, याचे उदाहरण ऑक्टोबर २०१४ मध्ये मिळाले. त्या वेळी जवळजवळ पाव शतकातील सर्वांत मोठा सौरडागसमूह पृथ्वीसमोर आला. त्याने सर्वांत तीव्र अशा ‘एक्स’ वर्गाच्या सहा ज्वाला दिल्या; परंतु त्यांपैकी एकीबरोबरही सौरद्रव्याचा लोट अवकाशात फेकला गेला नाही. वरच्या बलरेषांच्या पिंजऱ्याने दोरीला डांबून ठेवले होते. केवळ डागाचा आकार पाहून भाकीत करणाऱ्यांना हा धडा होता.

पुरावे कोठवर पोहोचले?

तोल सुटण्याआधी सूर्य काही सांगतो काय? या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत चार दिशांनी प्रकाश पडला आहे. २०२० साली जपानच्या नागोया विद्यापीठातील कान्या कुसानो व सहकाऱ्यांनी अस्थैर्याच्या सिद्धान्तावरूनच भाकिताची पद्धत बसविली. विरुद्ध ध्रुवत्वाच्या दोन प्रदेशांच्या सीमेवर किती लहानशी पुनर्जोडणी मोठ्या ज्वालेला पुरेशी ठरेल, हे त्यांनी मोजले. जेथे अगदी छोटी ठिणगीही पुरेल, तो प्रदेश धोक्याचा. २००८ ते २०१९ या काळातील मोठ्या ज्वालांपैकी बहुतेकांची स्थाने या कसोटीला उतरली. पण काही निसटल्याही.

२०२३ साली अमेरिकन संशोधकांनी आठ वर्षांच्या छायाचित्रांचा अभ्यास करून दाखविले की ज्या डागांवर लवकरच ज्वाला होणार असते, त्यांच्यावरील प्रभामंडलात आधीपासून लहान लहान लकाकी दिसू लागतात. पुढे पन्नासेक प्रबळ ज्वालांच्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळले की ज्वालेच्या आधी काही तास प्रभामंडलातील कमानींची चमक अनियमितपणे लुकलुकते. या लुकलुकण्यावरून दोन ते सहा तास आधी, साठ ते ऐंशी टक्के अचूकतेने इशारा देता येईल, असा त्या संशोधकांचा दावा आहे. तसेच युरोपच्या ‘सोलर ऑर्बिटर’ यानाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी एका मोठ्या ज्वालेच्या आधीची सुमारे चाळीस मिनिटे अत्यंत बारकाईने टिपली. प्रथम लहान लहान पुनर्जोडण्या झाल्या, त्यांनी शेजारच्या रेषांचा तोल घालविला आणि दरड कोसळावी तशी ही साखळी वाढत जाऊन ज्वाला भडकली. एकच मोठा स्फोट होतो असे नसून लहान तुटींची माळ मोठी होत जाते, हे त्यातून दिसले.

टक्केवारीचा अर्थ

हे सर्व आशादायक असले तरी येथे एक सावधगिरी बाळगावी लागेल. ज्वाला झाली हे ठाऊक असताना मागे वळून तिच्या खुणा शोधणे सोपे. खुणा दिसल्या म्हणून पुढे ज्वाला होईलच असे म्हणणे कठीण. कमानी लुकलुकल्या आणि तरीही काही झाले नाही, असे किती वेळा घडले, याचा हिशेब ठेवल्याशिवाय त्या खुणेची खरी किंमत ठरत नाही.

अचूकतेचे आकडेही फसवे असू शकतात. अकरा वर्षांच्या एका सौरचक्रात सुमारे चार हजार दिवस असतात आणि त्यांपैकी साधारण १४० दिवशीच ‘एक्स’ वर्गाची ज्वाला होते. म्हणजे सूर्याकडे न पाहता जो माणूस रोज ‘आज मोठी ज्वाला नाही’ असे म्हणेल, तो शंभरांत शहाण्णव वेळा बरोबर ठरेल आणि तरीही त्याचा काडीचा उपयोग नसेल. कारण ज्या दिवशी त्याची गरज होती नेमका त्याच दिवशी तो चुकेल. म्हणून भाकिताची कसोटी दोन प्रश्नांनी घेतली पाहिजे: आलेल्या संकटांपैकी किती आधी सांगितली गेली, आणि दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती फुकट गेले? फलज्योतिष आणि विज्ञान यांतला फरकही नेमका येथेच आहे. दोघेही चुकतात, विज्ञान आपल्या चुका मोजते व त्या चारचौघांत मांडते.

आणखीही एक अडचण आहे. ज्वालेचा प्रकाश व क्ष-किरण पृथ्वीवर यायला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. ज्वाला दिसली तेव्हा तिचे किरण येथे पोहोचलेले असतात. सौरद्रव्याचा लोट मात्र पंधरा-सोळा तासांपासून तीन-चार दिवसांपर्यंत वेळ घेतो. तेव्हा लोटाची खबर ज्वालेनंतरही देता येते. ज्वालेची खबर द्यायची तर ती तिच्या आधीच, म्हणजे अस्थैर्याच्या खुणांवरूनच, द्यावी लागेल. आणि ज्या प्रभामंडलात हे सारे घडते, तेथील चुंबकीय क्षेत्र इतके दुर्बल व विरळ असते की त्याचे थेट मापन आता कोठे जमू लागले आहे. बहुतेक वेळा खालच्या पृष्ठभागावरील मोजमापांवरून वरच्या रचनेचा अंदाज बांधावा लागतो.

भारताचा संबंध

हे सारे कॅनडा, स्वीडन अशा उत्तरेकडील देशांचे दुखणे आहे, असा समज आपल्याकडे आहे. तो अर्धवट आहे. वीजवाहिन्यांना चुंबकीय वादळांचा धोका ध्रुवांजवळ अधिक असतो हे खरे. परंतु ज्वालेच्या क्ष-किरणांचे तसे नाही. ते पृथ्वीच्या प्रकाशित बाजूवर पडतात आणि ज्या ठिकाणी सूर्य डोक्यावर असतो तेथे त्यांचा परिणाम सर्वाधिक होतो. त्यामुळे लघुलहरींवरील रेडिओसंपर्क तुटण्याचा धोका उष्ण कटिबंधातील देशांना विशेष आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये कॅरिबियन बेटांवर चक्रीवादळाचे संकट असतानाच मोठ्या सौरज्वाला झाल्या आणि मदतकार्याचा रेडिओसंपर्क ऐन वेळी विस्कळीत झाला. अरबी समुद्रावरून जाणारी विमाने, किनाऱ्यापासून दूर गेलेल्या मासेमारी नौका आणि चक्रीवादळांचा किनारा लाभलेला देश यांना हा दाखला परका वाटू नये. शिवाय डिसेंबर २०१३ च्या अखेरीपासून साऱ्या देशाची वीजव्यवस्था एका जाळ्यात बांधली गेली आहे. मे २०२४ च्या मोठ्या वादळात लडाखमधील हान्ले येथून तांबडा प्रकाश दिसला. आणि कुलाब्याची १८५९ ची वही तर समोरच आहे.

सुदैवाने भारताची या क्षेत्रातील पुंजी लहान नाही. कोडाईकॅनाल येथे शतकाहून अधिक काळ सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. उदयपूरला १९७५ पासून सौरवेधशाळा आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले ‘आदित्य-एल१’ यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याकडे अखंड डोळे लावून आहे. त्यावर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे प्रभामंडल पाहणारे उपकरण आहे आणि पुण्याच्या ‘आयुका’ने सिद्ध केलेली जंबुपार किरणांची दुर्बीणही आहे. एकाच यानावरून सूर्याचे खालचे व वरचे थर पाहता येणे, हे अस्थैर्याच्या अभ्यासासाठी फार मोलाचे आहे.

पण यान सोडणे हा समारंभ असतो आणि त्याने पाठविलेल्या आकड्यांवर वर्षानुवर्षे बसणे हे कष्ट असतात. समारंभाला पैसा व टाळ्या मिळतात. कष्टांना मिळतीलच असे नाही. यानाचे आयुष्य मर्यादित असते, सौरचक्र अकरा वर्षांचे असते आणि खऱ्या प्रलयंकारी ज्वाला शतकात एखाद-दुसऱ्याच येतात. म्हणजे एका यानाच्या, एका मंत्र्याच्या किंवा एका संशोधकाच्या कारकिर्दीत हा प्रश्न सुटणारा नाही. विद्यापीठांतील भौतिकशास्त्राच्या विभागांपर्यंत ही माहिती पोहोचणे, विद्यार्थ्यांनी ती हाताळणे, सौरहवामानाचा रोजचा अंदाज साध्या हवामानासारखा लोकांसमोर येणे आणि वर्षाअखेरीस किती अंदाज चुकले याचा जमाखर्च मांडला जाणे, या गोष्टी खर्चिक नाहीत. त्यांना चिकाटी हवी. वीज, रेल्वे, विमानवाहतूक व मासेमारी यांच्या खात्यांनी इशारा मिळाल्यावर काय करावयाचे हेही आधी ठरवून ठेवले पाहिजे. इशारा आला आणि तो कोणाच्या टेबलावर जावा याचीच चर्चा सुरू राहिली, तर सहा तास आधी कळूनही उपयोग नाही.

फुकट गेलेल्या इशाऱ्यांबद्दल चिडायचे नाही, हे समाजालाही शिकावे लागेल. वादळाच्या सूचनेनंतर होडी किनाऱ्याला लागली आणि वादळ दुसरीकडे वळले, तर शहाणा कोळी हवामानखात्याला शिव्या देत नाही. भारत आपली माणसे अंतराळात पाठविण्याची तयारी करीत आहे. त्यांच्या बाबतीत दहा इशारे व्यर्थ गेले तरी चालतील. एक न दिलेला इशारा चालणार नाही.

कुलाब्याच्या ज्या निरीक्षकांनी १८५९ साली नेमाने आकडे लिहिले, त्यांना आपण काय नोंदवीत आहोत याची पुरती कल्पना असण्याचे कारण नव्हते. ज्वाला म्हणजे काय, हेच तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. त्यांनी आपले काम चोख केले, आणि दीडशे वर्षांनी जगाला ते उपयोगी पडले. सूर्याच्या कोपाचा क्षण मिनिटाच्या अचूकतेने सांगता येईल असे आज कोणी म्हणत नाही. परंतु तोल ढळू लागल्याची चाहूल काही तास आधी लागण्याची शक्यता आता दिसू लागली आहे, आणि ती प्रत्यक्षात आणण्यासाठी लागते ती अशाच नेमाने लिहिलेल्या वह्यांची रास.